जुनी जीटीओ घ्यावी, उभी करावी, विकावी: नवख्यांसाठी वाटचाल

अमेरिकेतली जुनी मसल कार, म्हणजे ताकदवान इंजिनाची गाडी, नीट करून विकायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा. विक्रीची तयारी गाडी घरी येते त्याच दिवशी सुरू होते. नवखा माणूस रंगापासून विचार करतो आणि गिऱ्हाईक कागदांपासून. ‘हे इंजिन याच गाडीचं आहे का? कारखान्यातून निघताना ती खरंच जीटीओ होती का? पत्रा कुठे बदलला?’ असे त्याचे प्रश्न असतात. पुराव्यानिशी उत्तरं देता आली तर दाम मिळतो. नाहीतर आरशासारखा रंग असूनही गाडी महिनोन्‌महिने जाहिरातीत पडून राहते.

मिशिगन, ओहायो भागात वाहन उद्योगात नोकरीला आलेले मराठी लोक पुष्कळ आहेत. घराला गॅरेज असतं, हिवाळा लांबलचक असतो आणि पुण्या-पिंपरीत पाने-स्पॅनर हाताळून आलेल्यांना ग्रीसचं वावडं नसतं. अशा वाचकाला डोळ्यासमोर ठेवून मी एकच गाडी उदाहरणाला घेतो: १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या, त्यामुळे गाड्या सापडतात आणि सुटे भागही मिळतात. शिवाय तिची सत्यता तपासायची सोय इतर अनेक गाड्यांपेक्षा चांगली आहे, आणि माझ्या मते नवख्यासाठी हे सगळ्यांत मोठं कारण आहे.

आधी ओळख पटवा

खोट्या जीटीओंचा प्रश्न तिच्या जन्मातच आहे. १९६४ साली पॉन्टियाकची मूळ कंपनी जनरल मोटर्स हिचा आतला नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकचे इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. ३८९ घनइंचांचं इंजिन त्यांनी वेगळं मॉडेल म्हणून न आणता लेमान्स या आधीच्या साध्या मॉडेलवरचा जादा पर्याय म्हणून विकलं. म्हणजे साध्या लेमान्सचं आणि जीटीओचं अंग एकच. बिल्ले, बॉनेट आणि ग्रिल बदलून लेमान्सची ‘जीटीओ’ करणारे तेव्हापासून आजपर्यंत आहेत.

१९६४ आणि १९६५ च्या गाड्यांत नुसत्या व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, फरक कळत नाही. १९६६ ते १९७१ या काळात मात्र जीटीओ स्वतंत्र मालिका होती आणि तिचा व्हीआयएन २४२ ने सुरू होतो. म्हणून पहिली गाडी याच वर्षांतली घ्या. १९६८ च्या गाडीवर व्हीआयएनची पट्टी डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला असते आणि पुढच्या काचेतून वाचता येते. २४२ नंतर ३७ असेल तर हार्डटॉप, ६७ असेल तर कन्व्हर्टिबल. पुढचा ८ म्हणजे १९६८, त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं: ‘पी’ म्हणजे मिशिगनमधलं पॉन्टियाक शहर, ‘बी’ बाल्टिमोर, ‘झेड’ कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. सुरुवातीला २३७ दिसलं तर ती लेमान्स आहे, विकणारा काहीही सांगो. लेमान्स म्हणून, लेमान्सच्या भावात घ्यायला हरकत नाही, पण विकतानाही तसंच सांगून विकावी लागेल.

आता इंजिन. पॉन्टियाकची ३५० आणि ४०० घनइंचांची व्ही-८ इंजिनं बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. निळा रंग मारला की ३५० हे ४०० म्हणून खपतं. त्यामुळे डोळ्यांवर न जाता आकड्यांवर जा. ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) पुढच्या तोंडावर, प्रवाशाच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या खाली दोन अक्षरी कोड ठोकलेला असतो. १९६८ च्या ३५० अश्वशक्तीच्या ४०० इंजिनाला हातगिअरबरोबर ‘डब्ल्यूटी’, ऑटोमॅटिकबरोबर ‘वायएस’. त्याच भागात व्हीआयएनचे शेवटचे आकडेही असतात, ते डॅशबोर्डवरच्या पट्टीशी ताडून पाहा. मागे डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाची तारीख असते: महिन्यासाठी ‘ए’ ते ‘एल’ अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘ए १० ८’ म्हणजे १० जानेवारी १९६८. ही तारीख गाडी जुळणीला जाण्याच्या थोडी आधीची हवी. गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक मे महिन्यात ओतला, असं असूच शकत नाही. आकड्यांच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबा.

हे सगळं जमलं की पैसे देण्याआधी पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून (पीएचएस) त्या व्हीआयएनची कागदपत्रं मागवा. कारखान्याने वितरकाला पाठवलेल्या बिलाची नक्कल मिळते. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, रंग आणि एकेक जादा पर्याय लिहिलेला असतो. फी तुमच्या एकूण खर्चात दिसणारही नाही इतकी लहान असते. विकणारा ‘तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल’ म्हणाला तर खुशाल जाऊ द्या. फोर्ड घेणाऱ्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्टची अशीच सोय आहे. शेव्हर्लेच्या बाबतीत कारखान्याची अशी नोंदवही सहसा मिळत नाही, म्हणून कमारो एसएससारखी गाडी अनुभव आल्यावर घ्यावी असं माझं मत आहे.

मालकीचा कागद म्हणजे टायटल. त्यावरचा व्हीआयएन पट्टीवरच्याशी अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे, आणि सही करणारा माणूस टायटलवर नाव असलेलाच हवा. ‘टायटल हरवलंय, पण बिल देतो’ या बोलण्यावर नवख्याने गाडी घेऊ नये. व्हीआयएनची पट्टी काढणं, बदलणं, दुसऱ्या गाडीची लावणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. पट्टीचे रिव्हेट उचकटल्यासारखे दिसले तर भाव न करता परत फिरा.

गंज कुठे शोधायचा

इंजिन कितीही खराब असलं तरी मशीन शॉपवाला ते ठरलेल्या रकमेत करून देतो. सडलेल्या पत्र्याला मात्र तळ नसतो. एक पॅच उघडावा तर त्यामागे दुसरा निघतो. म्हणून तुमच्या पैशांत दोन गाड्या येत असतील, एक चालती पण गंजलेली आणि दुसरी बंद पण कोरड्या पत्र्याची, तर बंद गाडी घ्या. मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडी खालून खातं. ॲरिझोनाची गाडी ट्रकवर घालून आणायला खर्च येतो, पण वेल्डिंगच्या मजुरीपुढे तो कमीच भरतो. तिकडे उन्हाने सीटा आणि डॅशबोर्ड तडकलेले असतात, पण ते नवे मिळतात.

जीटीओत पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या काचेच्या खालची खाच आधी बघा, विशेषतः टपावर व्हिनाइलचं आवरण असेल तर. त्याखाली पाणी मुरतं, खाच कुजते आणि पाणी डिकीत उतरतं. मग डिकीचा तळ, मागच्या चाकांभोवतीचा पत्रा, पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा आणि पायाखालचा तळ. जीटीओला वेगळी चासी असते, अंग तिच्यावर रबरी गट्ट्यांवर बसवलेलं असतं. मागच्या चाकांपाशी चासीवर हातोडीने हलकेच ठोका. आवाज खणखणीत यायला हवा. ठोकल्यावर पापुद्रे गळाले तर भाव पाडण्यात वेळ घालवू नका, गाडी सोडा.

पुट्टी ओळखायला लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहा. नसतील तर गाडी कधीतरी ठोकली गेली आहे, किंवा चासीच वाकली आहे.

खर्चाचा हिशोब

सगळं काम बाहेरून करून घ्यायचं आणि वर नफाही मिळवायचा, हे साध्या जीटीओत सहसा जमत नाही. रिस्टोरेशनच्या चांगल्या दुकानाचा तासाचा दर १०० डॉलरच्या पुढे जातो आणि पूर्ण गाडीला हजार तास सहज लागतात. गुणाकार तुम्हीच करा आणि मग हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या किंमत-साधनात त्याच गाडीचा भाव पाहा. हॅगर्टी गाडीची अवस्था १ ते ४ अशी मोजते. १ म्हणजे प्रदर्शनात मिरवणारी, २ उत्तम, ३ चांगली आणि वापरातली, ४ चालती पण दोष दिसणारी. ३ ची गाडी २ पर्यंत नेणं हे घरच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला झेपणारं आणि परवडणारं उद्दिष्ट आहे. १ च्या मागे लागू नका. तो शेवटचा टप्पा बाकी सगळ्याइतकाच पैसा खातो.

उघडणं, साफ करणं, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग आणि जुळणी स्वतः करा. ब्लॉकचं बोअरिंग, क्रोम आणि शेवटचा रंग बाहेर द्या. विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे नुकसान झालं तर आधी ठरलेली रक्कम मिळते. काम पुढे सरकेल तशी ती रक्कम वाढवून घ्या. तुमच्या वसाहतीच्या असोसिएशनचे नियमही वाचून ठेवा. बंद गाडी दारात उभी ठेवायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते.

उघडताना

गाडी धुण्याआधी फोटो काढा. हो, धुण्याआधीच. जुन्या मळाखाली कारखान्याच्या खडूच्या खुणा, रंगाचे ठिपके, कागदी चिठ्ठ्या टिकलेल्या असतात. पेट्रोलच्या टाकीच्या वर आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कारखान्यातला बिल्ड शीटचा, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्या यादीचा, कागद अडकलेला सापडू शकतो. तुकडे झालेले असले तरी टाकू नका, दोन काचांमध्ये सपाट ठेवा. गिऱ्हाईक त्या चिटोऱ्याचेही पैसे देतं.

प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख. गंजलेला भागसुद्धा नवा बसेपर्यंत टाकायचा नाही, कारण बाजारातला नवा भाग बरेचदा हुबेहूब बसत नाही आणि तेव्हा जुन्यावरूनच माप घ्यावं लागतं. बोल्ट अडला तर ताकद लावू नका. भेदक तेल घालून रात्रभर सोडा, मग गरम करा.

इथे जिवाशी खेळ होऊ शकतो, म्हणून चार गोष्टी सांगतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय जायचं नाही. पुढच्या सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता ती सोडवली तर माणूस मरू शकतो. जुन्या ब्रेक-शूंमध्ये आणि क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ हवेने फुंकू नका, ओल्या कापडाने पुसा. आणि हिवाळ्यात गॅरेजचं दार बंद ठेवून इंजिन मिनिटभरही चालवू नका.

पत्रा, इंजिन, रंग

कामाचा क्रम असा ठेवा: पत्रा, मग रंग, मग जुळणी. पत्र्याचं काम चालू असताना इंजिन मशीन शॉपला जाऊ द्या, म्हणजे वेळ वाचतो.

पत्र्यात जमेल तितका मूळचा ठेवा. पूर्ण क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) बदलण्यापेक्षा सडलेला खालचा भाग कापून तेवढाच तुकडा जोडणं विक्रीच्या दृष्टीनेही चांगलं. वेल्डिंग सलग ओढू नका, पत्रा तापून लाटा येतात. ठिपका-ठिपका, जागा बदलत. प्रत्येक जोडाचा आधीचा, मधला आणि नंतरचा फोटो. ‘खाली काय आहे’ हे गिऱ्हाईक विचारणारच आहे.

१९६८ च्या जीटीओचं नाक हा वेगळा विषय. तो पुढचा बंपर एन्ड्युरा नावाच्या लवचीक पदार्थाचा असतो आणि अंगाच्याच रंगात रंगवलेला असतो. नेहमीची पुट्टी त्यावर टिकत नाही, तडकून पडते. लवचीक भागांसाठीचं फिलर आणि रंगात मिसळायचं फ्लेक्स ॲडिटिव्ह वापरा. झाकले जाणारे हेडलाइट असतील तर ते व्हॅक्यूमवर चालतात. नळ्या सगळ्या नव्या घाला, जुन्यांत गळती शोधत बसू नका.

पॉन्टियाक इंजिनात एक दोष ठरलेला आहे. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मूळ चक्राच्या दात्यांवर नायलॉनचा थर असतो. वय झालं की त्याचे तुकडे पडतात, ऑइल पॅनमध्ये जातात आणि पंपाची जाळी चोंदते. त्यामुळे इंजिन ‘छान चालतंय’ म्हटलं तरी पुढचं कव्हर उघडून पूर्ण धातूचं चक्र आणि नवी चेन घालाच. क्रँकचं मागचं सील मूळ दोरीचं असतं आणि गळतं, इंजिन उघडलंच आहे तर नवं बसवा. हेडचं काम करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या, कारण हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं आहे. कॉम्प्रेशन १०.७५ ला १ आहे, तेव्हा पंपावरचं सगळ्यांत वरच्या दर्जाचं पेट्रोल लागेल आणि ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्यावं लागू शकतं. हेड आणि मॅनिफोल्ड मूळचे असतील तर आणखी ताकदीच्या मोहाने बदलू नका. बदललेच तर जुने गुंडाळून ठेवा, ते गाडीबरोबर विकायचे आहेत.

नवा फ्लॅट-टॅपेट कॅम घातला असेल तर पहिली वीस मिनिटं फार महत्त्वाची. भरपूर झिंक असलेलं ब्रेक-इन तेल घाला, इंजिन सुरू होताच मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर न्या आणि आयडलवर सोडू नका. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ आणि डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. हे दोन्ही आधी तपासा, म्हणजे ते इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होईल. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर खालच्या बुचांतून पाझरतो. रिबिल्ड करताना ती बुचं सील करा. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: पट्टीवर लिहिलेलाच रंग द्या. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. ‘क्यू’ असेल तर गाडी व्हर्डोरो ग्रीन होती. लाल रंग पटकन विकला जातो असं सांगणारे भेटतील. पण हिरव्याच्या कोडवर लाल मारलेली गाडी दिसली की जाणकार गिऱ्हाईक पहिल्या वाक्यात भाव पाडतं. आणि मूळचा रंग अजून बऱ्यापैकी शिल्लक असेल तर मुळीच रंगवू नका. पॉलिश करा, ओरखडे राहू द्या. त्या रंगावर कारखान्यातल्या माणसांचा हात फिरलेला आहे, आणि एकदा खरवडला की कितीही पैसे दिले तरी तो परत येत नाही. आजच्या टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) रंगात फुप्फुसांना घातक आयसोसायनेट असतं. बाहेरून ताजी हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय ते फवारायचं नाही, साधा फिल्टर पुरत नाही. म्हणूनच शेवटचा रंग बाहेर द्या म्हणतो.

सीटा, गालिचे, टपाचं आतलं कापड तयार मिळतं. ते घालण्याआधी दिवसभर उन्हात ठेवलं की सुरकुत्या सुटतात.

विक्री

जुळणी झाली की लगेच जाहिरात देऊ नका. निदान पाचशे मैल चालवा. गळती, खडखड, तापणारं इंजिन, एका बाजूला ओढणारे ब्रेक हे सगळं याच काळात बाहेर येतं. डेट्रॉईटजवळ असाल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गाडी न्या. तिथे फिरणाऱ्या जुन्या पॉन्टियाकवाल्यांची नजर तीक्ष्ण असते. त्यांनी दाखवलेला चुकीचा क्लॅम्प फुकटात दुरुस्त होतो, तोच गिऱ्हाइकाने दाखवला तर भावात जातो.

मग फाइल तयार करा. पीएचएसची कागदपत्रं, इंजिनावरच्या आकड्यांचे फोटो, पत्र्याच्या कामाचे फोटो तारखेप्रमाणे, प्रत्येक पावती. जाहिरातीत खालून काढलेले फोटो, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ आणि दोषांचे जवळून घेतलेले फोटो द्या. ‘डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचा फुगा आहे’ असं स्वतः लिहिलंत की बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो. ओडोमीटर पाच आकडी आहे, लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो. मैल कागदांनी सिद्ध होत नसतील तर ते खरे आहेत असं लिहू नका. इंजिन बदललेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

कुठे विकायची? ३ आणि २ दर्जाच्या गाडीला ब्रिंग अ ट्रेलरसारखा ऑनलाइन लिलाव मला सगळ्यांत योग्य वाटतो. तिथे पाहणारे प्रश्न विचारतात आणि तुमची फाइल बोलते. प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर द्या. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं हेमिंग्ज १९५४ पासून आहे, तिथे वेळ लागतो पण गिऱ्हाईक गंभीर असतं. मीकमचा किसिमीचा आणि बॅरेट-जॅक्सनचा स्कॉट्सडेलचा, हे जानेवारीतले मोठे लिलाव ऐन भरातले असतात, पण गाडी फ्लोरिडा किंवा ॲरिझोनापर्यंत नेणं, प्रवेश फी, कमिशन हे सगळं वजा करून पाहा. बॅरेट-जॅक्सनमध्ये बहुतेक गाड्या राखीव किमतीशिवाय, म्हणजे बोली कितीही कमी लागली तरी, विकल्या जातात. पहिल्याच गाडीला हा धोका घेऊ नका.

पैसे वायर ट्रान्सफरने घ्या, किंवा गिऱ्हाइकाच्या बँकेत समोरासमोर बसून. कॅशियर्स चेक बनावट असू शकतो, आणि बँकेने आधी जमा दाखवलेली रक्कम नंतर परत काढून घेतली जाते. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले ट्रकवाल्याला द्या’ म्हणणारा हमखास ठग असतो. चाचणीला चावी देण्याआधी लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी स्वतः बसा.

नफा झाला तर तो उत्पन्नात धरला जातो, वैयक्तिक गाडीवरचा तोटा मात्र करातून वजा होत नाही. म्हणून पावत्या जपा आणि सीपीएला (हिशेब-कर पाहणाऱ्या परवानाधारक लेखापालाला) आधीच विचारा. वर्षात एकाहून जास्त गाड्या विकायला लागलात तर डीलरचा परवाना किती गाड्यांपासून लागतो ते आपल्या राज्यात तपासा. आणि गाडी स्वतःच्या नावावर न करता मधल्यामध्ये पुढे विकणं, ज्याला तिकडे टायटल जंपिंग म्हणतात, ते कधीही करू नका.

पैसे खात्यात पक्के झाल्यावरच टायटलवर सही करा. विक्रीपत्रावर तारीख आणि वेळ, व्हीआयएन, ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द आणि दोघांच्या सह्या. राज्याचा नियम असेल तर नंबर प्लेट काढून घ्या, वाहन विभागाला विक्रीची सूचना त्याच दिवशी द्या आणि ती पोचल्याची पावती मिळाल्यावर मगच विमा बंद करा.